खिडकीतला मुलूख, डब्यातली माणसे

अनोळखी प्रदेशातून रेल्वेने पहिल्यांदा जाताना माणसाच्या मनावर जे ठसे उमटतात, त्यांना ज्ञान म्हणावे की केवळ कुतूहलाची सुरुवात म्हणावी, हा प्रश्न आगगाडीइतकाच जुना आहे. आणि तो विचारण्यासाठी नवनगर ही जागा विशेष सोयीची आहे. हुबळी आणि धारवाड ही एकमेकांपासून सुमारे 20 किलोमीटरवर असलेली दोन शहरे 1962 मध्ये एका महानगरपालिकेखाली आली आणि त्यांच्या मधल्या पट्ट्यात जी वस्ती वाढत गेली, तिच्यातली एक वसाहत म्हणजे नवनगर. कर्नाटक राज्य विधी विद्यापीठ आणि कर्करोगावरील उपचारांचे एक जुने रुग्णालय येथे आहे, शेजारी अमरगोळची मोठी बाजार समिती आहे, आणि जवळचे स्थानकही अमरगोळच. हुबळीहून धारवाडकडे जाताना उणकल, अमरगोळ, नवलूर अशी छोटी स्थानके लागतात. लांब पल्ल्याच्या गाड्या तेथे सहसा थांबत नाहीत. पुण्याहून बंगळूरूकडे किंवा गोव्याहून हुबळीकडे जाणाऱ्या बहुतेकांनी हा भाग पाहिलेला असतो, पण त्यांना तो आठवत नाही.

पुढील संवादातील दोन्ही व्यक्ती विषयाच्या सोयीसाठी कल्पिलेल्या आहेत. एक पुण्याहून आलेली तरुण संशोधक असून मराठी प्रवासवर्णने हा तिच्या अभ्यासाचा विषय आहे. दुसरे नवनगरात स्थायिक झालेले, हुबळीच्या एका मराठी घरातले निवृत्त गार्ड आहेत. गार्ड म्हणजे गाडीच्या शेवटच्या डब्यात बसून तिच्या सुरक्षित चालण्याची जबाबदारी वाहणारा कर्मचारी, ज्याच्या पदाला 2022 पासून ‘ट्रेन मॅनेजर’ म्हणतात. ज्याने नोकरीची सारी वर्षे एकाच मार्गावर काढली तो पाहुण्याच्या पहिल्या नजरेला कमी लेखील आणि प्रवासवर्णनांची अभ्यासक तिची बाजू घेईल, असे सहज वाटते. येथे दोघांच्या भूमिका नेमक्या उलट आहेत.

संशोधकाचा पहिला आक्षेप मूलभूत आहे. “काका, खिडकीतून जे दिसते ते रेल्वेने आधीच निवडलेले असते. मार्ग कुठून न्यायचा हे चढ, नद्या, माल आणि खर्च पाहून अभियंत्यांनी ठरवलेले असते. प्रवाशाला वाटते की आपण देश पाहिला, आणि त्याच्या वाट्याला आलेली असते ती रुळांच्या दोन्ही बाजूंची एक अरुंद पट्टी. त्या पट्टीवरून तो लोकांचा स्वभाव, त्यांची श्रीमंती-गरिबी, त्यांचा इतिहास यांविषयी मते देतो, आणि ती छापून आली की पुढच्या प्रवाशाच्या डोळ्यांवर चढतात.”

या मुद्द्याला ती याच मार्गाचा इतिहास जोडते. 1876 ते 1878 या काळातल्या भीषण दुष्काळात दख्खनमध्ये धान्य वेळेवर पोचवता आले नाही, म्हणून दुष्काळी भागांत रेल्वे नेण्याचे धोरण पुढे आले, 1882 मध्ये ‘सदर्न मराठा रेल्वे’ ही कंपनी स्थापन झाली, आणि तिचा होटगी ते गदग हा मार्ग 1884 मध्ये सुरू झाला. कंपनीचे मुख्यालय धारवाडला होते. ज्या टापूतून हे रूळ गेले त्यातल्या बहुसंख्य लोकांची भाषा कन्नड, तरीही कंपनीच्या नावात मराठा आले. कारण पेशवाईत आणि नंतर पटवर्धनांसारख्या संस्थानिकांच्या रूपाने सत्ता मराठी घराण्यांची होती आणि इंग्रजांनी प्रजेकडे न पाहता राज्यकर्त्यांकडे पाहून साऱ्या टापूचे नाव ठेवले होते. “पुण्याहून निघालेल्या माणसाला गाडीत पाऊल ठेवण्याआधीच सांगितले गेले की हा तुझाच मुलूख आहे,” असे ती म्हणते. “याच धारवाडात 1890 साली रा. ह. देशपांडे यांच्या पुढाकाराने कर्नाटक विद्यावर्धक संघ उभा राहिला, कारण शाळा-कचेऱ्यांत मराठीचा वरचष्मा होता आणि कन्नडला तिच्याच घरात मानाची जागा मिळवून द्यायची होती. खिडकीत बसलेल्याला यातले काय दिसणार, काका?”

मराठी वाचकाने या आक्षेपापुढे थोडे थांबायला हवे. बेळगाव-धारवाडकडे जाताना मराठी माणसाच्या मनात आपलेपणाची जी भावना जागी होते ती खरी आणि प्रेमाची असते, परंतु तिच्यात जुन्या सत्तेची सावली मिसळलेली आहे, आणि ती ओळखल्याशिवाय या प्रदेशाकडे नीट पाहता येत नाही. धारवाडचा पेढा हेही असेच एक उदाहरण आहे. स्थानकावर उतरताच प्रवासी तो इथल्या मातीतला म्हणून घेतो, पण तो घडवणारे ठाकूर कुटुंब मूळ उत्तर प्रदेशातील उन्नावचे. पहिल्या नजरेला जे सर्वांत स्थानिक वाटते, ते दूरवरून आलेले असू शकते.

गार्डकाका हे सगळे ऐकून घेतात आणि नावांविषयीचे तिचे म्हणणे मान्यही करतात. त्यांचा विरोध दुसऱ्याच ठिकाणी सुरू होतो. “ताई, कंपनीने मुलखाला काय नाव दिले यावर मातीचा रंग ठरत नाही. तुम्ही लोंढ्यापासून हुबळीपर्यंत दिवसाउजेडी एकदा खिडकीत बसा. शंभर किलोमीटरही नाही हे अंतर. तेवढ्यात जे दिसते ते पाहायला पायी चालणाऱ्याला अनेक दिवस लागतील, आणि मोटारीतला माणूस रस्त्याकडे बघण्यातच गुंतेल.”

त्यांनी सांगितलेला क्रम सविस्तर नोंदवण्याजोगा आहे. लोंढा हे सह्याद्रीच्या माथ्यालगतचे जंक्शन. येथून एक फाटा कॅसलरॉककडे आणि तेथून ब्रागांझा घाट उतरून गोव्यात जातो, एक बेळगाव-मिरजेकडे, आणि एक पूर्वेला धारवाडकडे. लोंढ्याला धारवाडच्या दुपटीहून जास्त पाऊस पडतो, कारण अरबी समुद्रावरून येणारे ढग डोंगराला अडून तेथेच रिते होतात आणि पूर्वेकडे सरकताना त्यांच्यातले पाणी झपाट्याने कमी होत जाते. म्हणून लोंढा आणि नागरगाळीच्या आसपास जांभ्याची तांबडी माती, साग, बांबू आणि दाट जंगल दिसते. अळणावर आले की झाडी विरळ होते आणि भाताची खाचरे सुरू होतात. पुढे मुगद येथे भातावर संशोधन करणारे कृषी केंद्र आहे, आणि ते नेमके तेथेच असणे हा योगायोग नाही. क्यारकोप मागे टाकून गाडी धारवाडच्या उंचवट्यावर येते. तेथून हुबळीकडे उतरताना तांबडी माती संपत जाऊन काळी जमीन लागते, भात जातो, कापूस, ज्वारी, भुईमूग आणि मिरची येते, आणि क्षितिज एकदम लांब सरकते. डोंगरपावसाच्या प्रदेशाला कन्नडमध्ये मलनाड म्हणतात आणि मोकळ्या सपाट प्रदेशाला बयलुसीमे. या दोहोंची शिवण धारवाडजवळून जाते आणि नवनगर तिच्या पूर्वेच्या काठावर वसलेले आहे.

“छपरे बघा,” असे काका सांगतात. “लोंढ्याकडे उतरती कौले, पाणी झटकून टाकणारी. हुबळीच्या पुढे जुन्या खेड्यांत माळवदे, म्हणजे लाकडावर माती चोपून केलेली सपाट छपरे, ज्यांवर धान्य वाळवता येते आणि उन्हाळ्यात झोपता येते. पाऊस किती, हे छपरानेच सांगितले. हे पहिल्यांदा येणाऱ्याला दिसते आणि तो विचारतो, ‘आत्ता जंगल होते, ते गेले कुठे?’ आम्हाला रेल्वेत कधी हा प्रश्न पडला नाही. एकेरी मार्ग असताना आमचे डोळे टोकनवर.” टोकन म्हणजे पुढच्या स्थानकापर्यंतचा मार्ग मोकळा असल्याची खूण. एकेरी मार्गावर दोन गाड्या समोरासमोर येऊ नयेत म्हणून स्थानकातील यंत्रातून निघणारा एक धातूचा गोळा चामड्याच्या पिशवीत घालून, त्या पिशवीला वेताची मोठी कडी जोडून, धावत्या गाडीच्या ड्रायव्हरच्या हाती दिला जाई, आणि तो मिळाल्याशिवाय गाडी पुढे नेता येत नसे. “टोकन, सिग्नल, शेवटच्या डब्यामागचा दिवा, वेळ, एवढ्यातच फेरी संपायची. डोंगर तिथेच होता, ताई, पण सवयीने तो आमच्यासाठी नाहीसा झाला होता. पहिल्या वेळच्या प्रवाशाने विचारले की पुन्हा दिसायचा.”

सवय माणसाला अचूक करते आणि त्याच वेळी आंधळेही करते, हे निरीक्षण स्वतःच्या कामाविषयी इतक्या सरळपणे मांडणारा माणूस विश्वासार्ह वाटतो. जमिनीच्या बाबतीत त्यांचा युक्तिवाद टिकतो. भूगोलाचे पुस्तक पर्जन्यछाया ही संकल्पना, म्हणजे डोंगराच्या पलीकडच्या बाजूला पाऊस कमी का पडतो याचा नियम, आकृती काढून शिकवते; गाडी तोच नियम मातीच्या रंगातून आणि पिकांच्या क्रमातून डोळ्यांपुढे मांडते. त्या दृश्यात इतिहासही आहे. या काळ्या जमिनीत एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला अमेरिकी जातीच्या कापसाची लागवड सुरू झाली होती, ‘धारवाड-अमेरिकन’ या नावाने तो ओळखला जाई, आणि 1861 ते 1865 या अमेरिकेतील यादवी युद्धाच्या काळात, तिकडचा कापूस मँचेस्टरला मिळेनासा झाल्यावर, इकडच्या कापसाला मोठी मागणी आली. तेव्हा तो बैलगाड्यांनी घाट उतरून कुमठा-कारवारच्या बंदरांत जात असे. म्हणजे कापूस आधी होता आणि रूळ त्याच्यासाठीही आले. खिडकीतून दिसणारे शेत हेच त्या रुळांच्या असण्याचे एक कारण आहे.

जमिनीचा मुद्दा संशोधक सोडून देते, पण माणसांचा सोडत नाही. तिच्या साक्षीदार पंडिता रमाबाई आहेत. 1886 मध्ये आनंदीबाई जोशी यांच्या पदवीदानासाठी रमाबाई फिलाडेल्फियाला गेल्या, पुढे 1888 पर्यंत अमेरिकेत राहिल्या, व्याख्याने देत रेल्वेने त्या देशाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरल्या, आणि 1889 मध्ये ‘युनायटेड स्टेट्सची लोकस्थिती आणि प्रवासवृत्त’ हा ग्रंथ त्यांनी मराठीत प्रसिद्ध केला. “त्यांना एखादा मुलूख नुसता ओलांडून जाण्याचा अर्थ चांगला ठाऊक होता,” असे ती म्हणते. “जन्म पश्चिम घाटातल्या गंगामूळचा, इथल्या कर्नाटकातलाच, आणि बालपण आईवडिलांबरोबर तीर्थयात्रेत, देशभर पायी चालण्यात गेलेले. तरीही अमेरिकेविषयी लिहिताना त्या खिडकीवर विसंबल्या नाहीत. शाळा, कायदे, स्त्रियांच्या संस्था, कामकरी लोकांची स्थिती यांची माहिती त्यांनी गोळा केली. ग्रंथाच्या नावात लोकस्थिती आधी आहे आणि प्रवासवृत्त नंतर. एवढी शिस्त किती प्रवासी पाळतात?”

काकांचे उत्तर या टप्प्यावर खिडकीकडून डब्याकडे वळते. “माणसे खिडकीतून कळत नाहीत, हे कबूल. ती डब्यात कळतात. मीटर गेजच्या काळात मुंबईहून हुबळीला येणाऱ्याला वाटेत गाडी बदलावीच लागे.” मीटर गेज म्हणजे दोन रुळांमध्ये एक मीटरचे अंतर असलेला मार्ग, ब्रॉड गेजमध्ये हेच अंतर 1,676 मिलिमीटर असते, आणि एका गेजची गाडी दुसऱ्यावर चालू शकत नाही. पुण्यापासून मिरजेपर्यंतचा मार्ग 1971 मध्ये रुंद झाल्यावर हा बदल मिरजेला होऊ लागला, आणि 1990 च्या दशकात पुढचा मार्गही रुंद होईपर्यंत तसाच राहिला. “मिरजेच्या फलाटावर सामान घेऊन बसलेल्या माणसाला पहिल्यांदा कन्नड ऐकू यायची, आणि त्याच वाक्यात अर्धे शब्द ओळखीचे निघायचे. समोरासमोरची लाकडी बाके, गुडघ्याला गुडघा. भाकरी सोडली की शेजाऱ्याला विचारल्याशिवाय कोणी खात नसे. या डब्यात बसून आलेल्याला मुलूख अनोळखी राहिलाच नाही, ताई.”

डबा माणसाला शिकवतो, या म्हणण्याला एक सुप्रसिद्ध आधार आहे. 1902 मध्ये गांधीजींनी कलकत्त्याहून राजकोटला जाताना काशी, आग्रा, जयपूर, पालनपूर असे थांबे घेत मुद्दाम तिसऱ्या वर्गाने प्रवास केला, कारण सामान्य उतारूंचे हाल स्वतः सोसल्याशिवाय देश कळणार नाही असे त्यांना वाटत होते. त्या प्रवासासाठी गोपाळ कृष्ण गोखले यांनी लाडू आणि पुऱ्या भरलेला डबा दिला आणि ते त्यांना निरोप द्यायला स्थानकावर गेले. या प्रवासातून गांधीजींनी काढलेला निष्कर्ष दुहेरी होता: तिसऱ्या वर्गाच्या दुर्दशेला रेल्वेची बेपर्वाई जेवढी कारण आहे, तेवढ्याच उतारूंच्या घाणेरड्या सवयीही. 1909 मध्ये ‘हिंद स्वराज्य’मध्ये त्यांनी रेल्वेवरच कठोर टीका केली, आणि तरीही लोकांना भेटण्यासाठी आयुष्यभर तिसऱ्याच वर्गाचा आधार घेतला. संशोधक येथे योग्य भर घालते, की गांधीजींना हे दिसले ते पहिल्यांदा पाहिल्यामुळे नव्हे तर काय पाहायचे हे ठरवून बसल्यामुळे. पहिल्या वर्गातूनही ते पहिल्यांदाच गेले असते, आणि दिसले काहीच नसते.

धारवाडच्या परिसरात हा वाद संगीताशिवाय पुरा होऊ शकत नाही. 1933 च्या सुमारास गदगचे घर सोडून निघालेला अकरा वर्षांचा मुलगा, म्हणजे पुढचे पंडित भीमसेन जोशी, गुरूच्या शोधात बिनतिकिटाच्या प्रवासात उतारूंना आणि तिकीट तपासनिसांना गाणे ऐकवत विजापूर, पुणे, ग्वाल्हेर असा गेला. गदगहून विजापूरला नेणारा मार्ग तोच, दुष्काळासाठी बांधलेला होटगी-गदग मार्ग. त्या मुलाला रस्ता ठाऊक नव्हता आणि उत्तरेची भाषाही नीट येत नव्हती. डब्यातल्या परक्या माणसांनी त्याला पुढे ढकलले. उलट, गंगूबाई हनगल हुबळीहून कुंदगोळला सवाई गंधर्वांकडे शिकायला आगगाडीने जात, तोच छोटा मार्ग पुन:पुन्हा, जाता-येता. काका पहिल्या उदाहरणाकडे बोट दाखवतात आणि संशोधक दुसऱ्याकडे. येथे मात्र संशोधकाचे पारडे जड आहे, कारण भीमसेनांची भटकंती ज्या शिक्षणात स्थिरावली ते शेवटी कुंदगोळलाच झाले, घरापासून फार दूर नाही, आणि रोज तेच गिरवून. पहिल्या प्रवासाने ओढ दिली, विद्या मात्र फेऱ्यांनी दिली.

लोंढ्याहून गोव्याकडे जाणाऱ्या फाट्यावर एकेकाळी अनोळखी मुलूख म्हणजे अक्षरशः परका देश होता. 1878 च्या इंग्रज-पोर्तुगीज करारानंतर मुरगाव बंदरापासून कॅसलरॉकपर्यंत रेल्वे बांधली गेली, आणि 1961 मध्ये गोवा मुक्त होईपर्यंत कॅसलरॉकच्या पलीकडे दुसऱ्या राज्याची हद्द आणि दुसऱ्याचे जकातदार होते. दूधसागरचा धबधबा पाहण्यासाठी आज खिडक्यांशी गर्दी करणाऱ्यांना त्या हद्दीची खूणही दिसत नाही. जमीन एक होती, म्हणून खिडकीने ती एकच दाखवली.

आता गाड्याच बदलल्या आहेत. हुबळी 2003 पासून नैर्ऋत्य रेल्वेचे मुख्यालय आहे. तेथील श्री सिद्धारूढ स्वामीजी स्थानकाचा 1,507 मीटर लांबीचा फलाट 2023 मध्ये जगातील सर्वांत लांब फलाट म्हणून खुला झाला. सप्टेंबर 2024 पासून पुणे-हुबळी वंदे भारत एक्सप्रेस धावू लागली. काकांना या प्रगतीचा मनापासून अभिमान आहे आणि तो रास्त आहे. त्यांची खंत एवढीच, की नव्या डब्यात आसने एकामागे एक मांडलेली असतात, काच उघडत नाही, आणि शेजाऱ्याचा चेहरा दिसत नाही. रात्री निघून सकाळी पोचणाऱ्या गाड्यांत तर लोंढा ते हुबळी हा सारा पट झोपेत निघून जातो. संशोधकाला यात आपल्या मताची पुष्टी दिसते. काकांना त्यात खिडकी आणि डबा दोन्ही हातचे जाण्याची भीती दिसते.

दोघांचे ऐकल्यावर निवाडा करायचाच झाला तर तो असा करता येईल. जमिनीविषयी पहिली नजर विश्वासार्ह आहे, आणि सवयीच्या नजरेपेक्षा कधी कधी अधिक. माणसांविषयी ती अपुरी आहे. आणि नावांविषयी, म्हणजे कोणता मुलूख कोणाचा याविषयी, ती बहुतेक वेळा चुकीची असते, कारण ती नजर प्रवाशाने घरूनच आणलेली असते. धारवाडच्या कर्नाटक कॉलेजची इमारत हे याचे उत्तम उदाहरण आहे. एकेकाळी ती सदर्न मराठा रेल्वेचे मुख्यालय होती. 1908 मध्ये ती कंपनी आणि मद्रास रेल्वे एकत्र झाल्या, कारभार मद्रासला गेला, आणि ज्या वास्तूतून त्या नावाचा कारभार चालला तेथे पुढे कर्नाटकच्या नावाचे महाविद्यालय भरू लागले. गाडीतून ही इमारत पाहून हे कळत नाही. उतरून, विचारूनच कळते.

म्हणून महाराष्ट्रातून पहिल्यांदा इकडे येणाऱ्या वाचकाला एक विनंती आहे. येताना नाही तर परतताना तरी, थांबत जाणारी दिवसाची गाडी घ्यावी. लोंढा ते हुबळी या टप्प्यात खिडकी सोडू नये आणि मातीचा रंग कोठे पालटतो ते स्वतः टिपावे. धारवाडनंतर शेजाऱ्याशी, मोडक्यातोडक्या कन्नडमध्ये का होईना, बोलायला सुरुवात करावी. आणि वेळ असेल तर उणकलला उतरून, चारही दिशांना दारे असलेले चालुक्यकालीन चंद्रमौळेश्वर मंदिर पाहून मग नवनगरला यावे.